खिचडीनं वाचता येतं का?

शंकेखोर : ताई, मुलांना जेवू घालायला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. पोर उपाशी असेल तर आधी वाढावं, पाढे नंतर विचारावेत. माझी शंका वेगळी आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची पोषण योजना सुरू झाली. तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीतून घरी जायचा आणि घरातल्या सगळ्यांच्या पातेल्यात पडायचा. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलंच अन्न द्या म्हणून बजावलं, आणि चूल शाळेत आली. त्या खिचडीवर एक अख्खी पिढी शाळा संपवून बाहेर पडली. आज त्यांचीच मुलं पहिलीत येतायत. आणि मुलांचं वाचन तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीचा अहवाल दर खेपेला तेच सांगतो, की खेड्यातल्या पाचवीच्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचं पुस्तक सरळ वाचता येत नाही. हजेरी वाढली, मान्य. मुलींची गळती कमी झाली, तेही मान्य. पण पोरगं शाळेत बसलं म्हणजे शिकलं, असा हिशोब आपण मांडला आणि तो जुळवायला खिचडी वापरली. साहेब तपासणीला आले की आधी तांदळाची कोठी बघतात, मग आहाराची नोंदवही. वाचन ऐकायची पाळी येईतो त्यांची गाडी सुरू झालेली असते.

आग्रही : गुरुजी, साहेब काय बघतात हा साहेबांचा दोष. तो खिचडीच्या नावावर लिहू नका. आणि तुम्ही ‘असर’चा दाखला दिलात, तर त्याच आकड्यांवर दोन अर्थतज्ज्ञांनी, तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन यांनी, केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झालाय तोही बघा. शिजवलेलं जेवण सगळ्या राज्यांत एकदम सुरू झालं नाही, पुढंमागं झालं. त्यामुळं सारख्याच वयाच्या मुलांपैकी कुणाला पाच वर्षं जेवण मिळालं, कुणाला वर्षभरही नाही, अशी तुलना करता आली. पाच वर्षांपर्यंत जेवलेल्यांचे वाचनाचे गुण १८ टक्क्यांनी जास्त निघाले, गणिताचे ९ टक्क्यांनी. एकदोन वर्षांत फारसं काही दिसत नाही, फरक साचत जातो. तुम्ही म्हणता निम्म्या मुलांना वाचता येत नाही. मी विचारते, हे जेवण नसतं तर किती जणांना आलं नसतं?

शंकेखोर : हा प्रश्न सोयीचा आहे, कारण त्याचं उत्तर कुणालाच तपासता येत नाही. तरी तुमचा अभ्यास मी खरा धरतो. पण शरीराचं गणित तुमच्या बाजूनं नाही. ग्वाटेमालात चार गावांत १९६९ ते १९७७ पर्यंत एक प्रयोग झाला. दोन गावांतल्या मुलांना प्रथिनांची पेज, दोन गावांतल्या मुलांना नुसतं गोड सरबत. ती मुलं मोठी होऊन संसाराला लागेपर्यंत संशोधक त्यांच्या मागावर राहिले. ज्यांना तीन वर्षांच्या आत पेज मिळाली, त्यांचं मोठेपणीचं वाचन बरं निघालं, पुरुषांची कमाईही जास्त. तीन वर्षांनंतर ज्यांच्या हातात वाटी आली, त्यांच्या कमाईत फरक दिसला नाही. म्हणजे मेंदूची बांधणी व्हायची ती आईच्या पोटात आणि मांडीवर होते. मूल सहा वर्षांचं होऊन आमच्या दारात येतं तेव्हा मुख्य काम होऊन गेलेलं असतं, किंवा राहून गेलेलं असतं. त्यावर शंभर ग्रॅम तांदूळ आणि वीस ग्रॅम डाळ किती पुरणार? खर्च करायचाच तर तुमच्या अंगणवाडीवर करा, गरोदर बाईच्या ताटावर करा. शाळेला शाळा राहू द्या.

दुसरं असं, आपण कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलबद्दल बोलतोय. मेळघाट किंवा नंदुरबारची गोष्ट वेगळी. इथं दूधगंगा-वेदगंगेचं पाणी आहे, ऊस आहे, तालुक्यात एकाहून जास्त साखर कारखाने आहेत, पंचतारांकित एमआयडीसी आहे, पहाटे गावोगावी ‘गोकुळ’चं दूध गोळा होतंय. इथलं पोर उपाशी आहे असं कोण म्हणेल?

आग्रही : उपाशी नाही, गुरुजी. पोट भरलेलं आहे, आणि तीच अडचण आहे. सकाळी काय खाऊन येतात ते विचारून बघा. चहा-खारी, चहा-बटर. आई सातच्या पाळीला एमआयडीसीत गेलेली किंवा शेतात भांगलायला. दूध डेअरीला घातलेलं, कारण त्याचं बिल दहा दिवसांनी येतं आणि त्यावर घर चालतं. पोराच्या वाट्याला त्या दुधातलं चहापुरतं. दुपारी शाळेचा भात, चार वाजता पाच रुपयांचं पाकीट. रात्री भाकरी आणि कोरड्यास, तेवढंच काय ते जेवण म्हणायचं. पोटात भर आहे, लोह नाही, प्रथिनं नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली आणि जवळजवळ ६९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी. आधीच्या पाहणीत तो आकडा ५४ च्या आत होता. वाढलाय, गुरुजी. आणि हे राज्य देशातल्या श्रीमंत राज्यांपैकी. रक्त कमी असलेलं पोर रडत नाही, ओरडत नाही, खिडकीकडं बघत गप्प बसतं. तुम्ही त्याला मठ्ठ म्हणता. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. ती गोळी पोटात जाते आणि घरी गेल्यावर तिच्यावर दोन कप चहा पडतो. चहा लोह अंगी लागू देत नाही, हे गोळी वाटणाऱ्यांनी आईला सांगितलेलं असतंच असं नाही.

आता तुमच्या ग्वाटेमालाचं. गर्भापासून दोन वर्षांपर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांचं महत्त्व मला सांगू नका, वजनकाटा माझ्याच हातात असतो. पण त्या हजार दिवसांची सुरुवात कुठं होते? आईच्या अंगात. आणि ती आई दहा-बारा वर्षांपूर्वी कुठं होती? सहावी-सातवीच्या बाकावर. २०२१ साली एक अभ्यास आला. ज्या भागांत मुलींना लहानपणी शाळेत शिजवलेलं जेवण मिळालं होतं, त्या मुली आया झाल्यावर त्यांची मुलं कमी खुजी निघाली. त्या मुली जास्त शिकल्या, त्यांना मुलं उशिरा झाली, बाळंतपणं दवाखान्यात झाली, अशी कारणंही त्यात दाखवली आहेत. म्हणजे तुमच्या शाळेतलं जेवण तुमच्या पटावरच्या पोराला उशिरा मिळत असेल, पण त्या पोरीच्या पोटी येणाऱ्याला अगदी वेळेवर मिळतं. अंगणवाडी की शाळा, असा हा वाद नाहीच. एकाच बाईचं वय बदलत जातं आणि सरकारी खातं बदलत जातं.

शंकेखोर : हे चांगलं बोललात. या अभ्यासावर माझ्याकडं उत्तर नाही. पण बघा, तुमच्याच तोंडून काय निघालं. फायदा पुढच्या पिढीच्या उंचीत दिसतो, आई होण्याच्या वयात दिसतो, दवाखान्यातल्या बाळंतपणात दिसतो. हे सगळं चांगलंच आहे, पण हे आरोग्य खात्याचं, महिला-बालकल्याणचं काम. त्याचा पैसा, माणसं आणि वेळ मात्र माझ्या शाळेतून जातात. शिक्षण हक्क कायद्याचं सत्ताविसावं कलम सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या बिनशैक्षणिक कामाला लावू नका. आणि आम्ही काय करतो? तांदूळ मोजून घेतो, डाळीचा हिशोब ठेवतो, वाढण्याआधी चव घेऊन चवीच्या नोंदवहीत सही करतो, किती जेवले ते रोज मोबाईलवर भरतो. दोन शिक्षकी शाळेत यातला एक जण कायम कोठीत. स्वयंपाक करणाऱ्या बाईला महिन्याला अडीच हजार रुपये. तेवढ्यात ती शंभर पोरांचा भात शिजवते, भांडी घासते, आणि भात करपला तर बोलणीही तिलाच. स्वस्तात उरकायचं म्हणून योजना शाळेच्या गळ्यात बांधली आहे. शाळा म्हणजे सरकारची सगळ्यात शेवटची खुंटी, ज्याला जे अडकवायचं असेल ते तिथं अडकवतो.

आग्रही : कोठीचं काम शिक्षकाकडून काढा, बाईला पुरता पगार द्या. मी तुमच्या मोर्च्यात पुढं चालते. पण त्यावरून जेवणच शाळेबाहेर काढा हे निघत नाही. कायद्याचं एक कलम तुम्ही वाचलंत, मी त्याचं परिशिष्ट वाचते. शाळा म्हणजे काय, तिच्या इमारतीत काय हवं, त्या यादीत वर्गखोल्या आहेत, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आहेत, पिण्याचं पाणी आहे, आणि दुपारचं जेवण शिजवायचं स्वयंपाकघरही आहे. कायदा करणाऱ्यांनी चूल शाळेबाहेर ठेवली नाही. त्यावर २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा. त्यानं या जेवणाला हक्क म्हटलं आणि मापही घालून दिलं. पाचवीपर्यंत ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, आठवीपर्यंत ७०० आणि २०.

आणि कोल्हापूरच्या माणसानं तरी हे दोन वेगळे विषय आहेत असं म्हणू नये. शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना रुपया दंड ठेवला, हे आपण दर जयंतीला ऐकतो. पण त्याच्या सोळा वर्षं आधी त्यांनी काय केलं? १९०१ ला मराठा बोर्डिंग. मग जैन, लिंगायत, मुसलमान, १९०८ ला अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. बोर्डिंग म्हणजे काय हो? राहायला खोली आणि दोन वेळचं ताट. शाळा तर गावात होतीच, फीही माफ करता आली असती. पण खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात जेवायला कोण घालणार, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला. पुढं भाऊराव पाटलांनी तीच वाट धरली, आणि साताऱ्याच्या बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासकट, मोडले. पुस्तकं घ्यायला मोडले नव्हते, गुरुजी. पोरांच्या पिठासाठी मोडले.

शंकेखोर : बोर्डिंगातलं पोर शिकायला आलं होतं आणि त्याला जेवण मिळालं. आमच्याकडं उलटं झालं, जेवायला या म्हणजे बसाल. आमिषानं भरलेला वर्ग आणि भुकेनं पेटलेला वर्ग यात फरक असतो. कागलचंच उदाहरण देतो. आनंद यादवांचं ‘झोंबी’ वाचलंय ना? कागलचा पोरगा, बाप शाळेतून काढून मळ्यात घालतो. पोट भरलेलं नाही, अंगावर धड कापड नाही, तरी शाळेसाठी त्याचा जीव तुटतो. गावातल्या वजनदार माणसाला, दत्ताजीराव देसायांना, मध्ये घालून तो बापाचा होकार मिळवतो. तोही कशा अटीवर? सकाळी अकरापर्यंत मळ्यातलं काम, शाळा सुटली की ढोरं. त्याला शाळेत खिचडी नव्हती. गणिताचे मंत्री मास्तर होते, कविता शिकवणारे सौंदलगेकर मास्तर होते. पोराला ज्यानं धरून ठेवलं ते शिकवणं होतं. आज ताट आहे आणि सौंदलगेकर नाहीत, ही माझी तक्रार आहे.

आग्रही : ‘झोंबी’ तुम्ही मास्तरांच्या बाजूनं वाचता, मी आईच्या. त्या घरात पोराचे हात म्हणजे घराचं जेवण. बाप दुष्ट म्हणून शाळा सुटत नाही, तो पोर मळ्यात नसेल तर पोटाचं कसं होणार या हिशोबानं सुटते. फुकट शिक्षणाचा कायदा कोल्हापूर संस्थानात तेव्हा जुना झालेला होता. फी नव्हती, तरी शिक्षण महाग होतं, कारण पोर शाळेत बसलं की घरातला एक कामकरी कमी होतो. जेवण त्या नुकसानीतलं एका वेळचं तरी भरून काढतं. आणि हेही बघा, त्या घरात कितीतरी भावंडं होती. पुस्तक लिहिणारा एकच निघाला. तुम्ही पार पडलेल्याकडं बघून म्हणता, ताटाशिवाय होतं. उरलेल्यांची पुस्तकं लिहिली गेली नाहीत.

(दोघांचंही वाचन खरं आहे. ‘झोंबी’ १९८७ साली आलं, त्याला साहित्य अकादमीचा मान मिळाला, ते अभ्यासक्रमांत गेलं, आणि बहुतेक वाचकांनी ते जिद्दीचं पुस्तक म्हणून वाचलं. जिद्द ज्याला परवडली त्याचीच ती गोष्ट आहे, हे वाचायला आपण मराठी वाचक थोडे कचरतो.)

शंकेखोर : बरं, आता पंगतीचं बोला. तुम्ही मघाशी शाहूंचं नाव घेतलंत म्हणून विचारतो. अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात महाराज स्वतः जाऊन चहा प्यायचे. सगळ्यांनी एकत्र खावं यासाठी त्यांनी आपलं वजन खर्ची घातलं. शाळेतल्या पंगतीबद्दल आपण तसंच भाषण करतो, जात मोडते म्हणून. पण आज त्या पंगतीत कोण बसतंय? ज्याच्या बापाकडं चार पैसे आहेत त्याचं पोर पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत गेलं. कागलपासून कोल्हापूरपर्यंत हमरस्त्यावर सकाळी बघा, बसच बस. जिल्हा परिषदेच्या शाळेत जे थोडे बऱ्या घरचे उरलेत, ते डबा आणतात आणि वेगळे बसतात. ताट हीच गरिबाची खूण झाली. मोठ्यांची पोरं त्या पंगतीत असती, तर भातात दोडका बुडालाय की नुसतं पिवळं पाणी आहे, हे बघायला सरपंच रोज आला असता.

आग्रही : इथं मी तुमच्याही पुढं जाते. ज्या पोराला आपण कायद्यानं त्या पिवळ्या बसच्या शाळेत पाठवतो, त्याचं काय होतं? शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांवर धुणीभांडी करणाऱ्या बाईचं पोर खासगी शाळेत बसतं. जागा मिळाली, फी सरकार भरतं. पण दुपारचं जेवण सरकारी आणि अनुदानित शाळेतच, विनाअनुदानित शाळेत नाही. म्हणजे हक्क बजावला म्हणून त्याचं ताट गेलं. शेजारची मुलं डब्यात पनीर आणतात, हे चहा-खारीवर आलेलं. एका कायद्यानं दिलेलं दुसऱ्या कायद्यानं कसं काढून घेतलं, याकडं कुणी बघत नाही.

तीच गत नववीची. आठवी संपली, ताट संपलं. ज्या वर्षी पोरीची पाळी सुरू होऊन स्थिर होते, अंगातलं रक्त झपाट्यानं लागतं, बीजगणित सुरू होतं, त्या वर्षी. मे महिन्यात भूक सुट्टीवर जात नाही, पण योजना जाते. आणि हंगामात आपल्या कारखान्यांना ऊस तोडायला बीडकडनं येणारी टोळी, त्यांची पोरं? त्यांचं नाव गावाकडच्या पटावर, तांदूळ त्या पटावर, आणि पोर इथं फडाच्या कडेला झोळीतल्या भावाला झुलवत बसलेलं. जेवण शाळेला चिकटवलंय, पोराला नाही. माझं भांडण त्याच्याशी आहे.

शंकेखोर : आता आपण जवळ आलो. मी म्हणत होतो जेवण शाळेतून काढा, तुम्ही म्हणताय ते पोराबरोबर चालू द्या. दोन्हींचा अर्थ एवढाच की आहे ती बांधणी चुकीची आहे. पण ताई, पोराबरोबर चालणारं ताट म्हणजे शेवटी खात्यावर जमा होणारे पैसे. ते पैसे पाच रुपयांच्या पाकिटात जातील. शाळेच्या चुलीचा एक गुण मीही मानतो, तिथं जे शिजतं ते पोराच्याच पोटात जातं. मग काय, चूल हवी आणि शाळेची नको, असं कसं जमवणार?

आग्रही : प्रत्येक शाळेत चूल, मग ती कुणाचीही शाळा असो, आणि बारावीपर्यंत. मला दुसरं उत्तर दिसत नाही. खर्चाचं विचारू नका. आता एका प्राथमिकच्या मुलामागं दिवसाला भाजी, डाळ, तेल, इंधन सगळं मिळून पावणेसात रुपयांच्या आसपास धरलेत. तेवढ्यात आपण दोघं स्टँडवर एक चहा पिऊ, तोही कटिंग.

शंकेखोर : खर्चावरून अंड्यावर येऊ. नोव्हेंबर २०२३ ला राज्यानं आठवड्याला एक अंडं सुरू केलं, जे खात नाहीत त्यांना केळं. जानेवारी २०२५ ला त्याचा पैसा बंद केला आणि सांगितलं की लोकसहभागातून करा. तुम्ही सगळे त्यावर तुटून पडलात. मला ते तितकं वाईट वाटलं नाही. गावात जैन आहेत, लिंगायत आहेत, माळकरी आहेत. एकाच वर्गात कुणाच्या ताटात अंडं आणि कुणाच्या ताटात केळं, यातून पोरांना कोण कोणत्या घरचं हे शिकवायचं का? आणि लोकसहभाग म्हणजे वाईट गोष्ट नाही. आपल्याकडं वाढदिवसाला, बारशाला, वडिलांच्या वर्षश्राद्धाला शाळेत जेवण घालणारे लोक आहेत. गाव शाळेत येतं, चार माणसं वर्गात डोकावतात. सरकारी ताटाकडं कुणी डोकावत नाही, हे आपण आत्ताच बोललो.

आग्रही : एक अंडं, एक केळं, आणि पोरं एका रांगेत. पोरांना त्याचा काही त्रास नसतो, त्रास मोठ्यांना होतो. आणि कुणाच्या घरी काय खातात हे पोरांना पहिल्या आठवड्यात कळलेलं असतं. अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे लहान पोराच्या दुपारच्या मापातली निम्मी, एका घासात. त्यात भेसळ करता येत नाही, पाणी घालून वाढवता येत नाही, मोजता येतं. वरणाचं असं आहे का? म्हणून तर हिशोबात गडबड करणाऱ्यांना अंडं आवडत नाही.

आता हमरस्त्यानं दक्षिणेला चला. कोगनोळीचा नाका ओलांडला की कर्नाटक, कागलपासून निपाणी वीसेक किलोमीटर. तिथल्या सरकारी मराठी शाळेतली पोरं आपलीच भाषा बोलतात, आपल्याच नात्यातली आहेत. कर्नाटकात २०१३ पासून शाळेत दूध मिळतं, आणि २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या पैशाची जोड घेऊन आठवड्याचे सहा दिवस अंडं, न खाणाऱ्याला केळं. नाक्याच्या अलीकडं, ज्या तालुक्यात दुधाचे टँकर भरून मुंबईला जातात तिथं, पोराला दूध नाही आणि अंडं गावाच्या मर्जीवर. सीमाप्रश्नावर आपण इतकी वर्षं भांडतोय, भाषेसाठी भांडायलाही हवं. पण निपाणीच्या आईला उद्या कुणी विचारलं, की तुमच्या पोराचं ताट कुठल्या राज्यात बरं, तर ती काय सांगेल?

आणि जानेवारी २०२५ च्या त्याच निर्णयात आणखी एक गोष्ट आहे, ती इथं कुणी बोलत नाही. पोरांना द्यायच्या नाचणीच्या सत्त्वाला लागणाऱ्या साखरेचाही पैसा सरकार देणार नाही. साखर, गुरुजी. कारखान्यांच्या तालुक्यात.

शंकेखोर : (हसत) मग कारखान्यांनी द्यावी की. लोकसहभाग तो हाच.

आग्रही : द्यावी, जरूर द्यावी. पण चेअरमन बदलला की बंद होईल ती साखर हक्क म्हणायची का? हंगाम चांगला गेला तर पोरांना सत्त्व, नाही तर नाही. भाऊरावांना लोकांनी मूठमूठ धान्य दिलं तेव्हा सरकार परक्याचं होतं. आता ते आपलं आहे असं आपणच पोरांना शिकवतो, नागरिकशास्त्रात.

शंकेखोर : ठीक. अंड्याचा आग्रह मी मान्य करतो, पैसा सरकारनं द्यावा हेही. आता मला एक मान्य करा. जमैकात खेड्यातल्या शाळांत नाष्टा देऊन वर्गात पोरं कशी वागतात याचा अभ्यास झाला होता, १९९६ साली तो आला. जिथं वर्ग नीट होता, बाकं पुरेशी होती, तिथं नाष्टा केलेली पोरं कामात जास्त लक्ष घालू लागली. जिथं खोली कोंदट, गर्दी फार आणि साधनं नाहीत, तिथं नाष्टा करून पोरं जास्त बोलू लागली, लक्ष उलट कमी झालं. अंगात ताकद आली, पण तिला लावायला काम नव्हतं. माझं सगळं म्हणणं यात आहे. तुम्ही अंडं द्या, दूध द्या. ते पोर दोन वाजता तरतरीत होऊन वर्गात येईल, आणि वर्गात चार इयत्तांना एक शिक्षक, तोही आहाराची माहिती भरत बसलेला. मग त्या ताकदीचं आपण काय केलं?

आग्रही : हे मान्य. आणि तुमच्याच अभ्यासाची दुसरी बाजू तुम्ही मान्य करा. चांगला मास्तर रिकाम्या पोटाच्या पोराला जेवढं शिकवतो, त्याहून जास्त भरल्या पोटाच्या पोराला शिकवतो. म्हणजे जेवणानं मास्तरची मजुरी वाया जात नाही. अकराला घंटा आणि दीडला जेवण, मधले अडीच तास चहा-खारीवर. भाषा आणि गणित आपण याच तासांना ठेवतो, कारण सकाळी डोकं ताजं असतं म्हणे. तमिळनाडूनं २०२२ पासून शाळेत सकाळचा नाष्टा सुरू केला तो उगाच नाही. आपल्याकडं कुणी वेळापत्रक आणि ताट एकत्र मांडून बघितलंय का? शिक्षण खात्याला पोटाचं विचारायचं नाही, पोषणवाल्याला वाचनाचं विचारायचं नाही.

शंकेखोर : मग असं करा. आहाराच्या नोंदवहीत आज किती जेवले हा रकाना आहे. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना घाला, आज किती जणांनी एक परिच्छेद न अडखळता वाचला. दोन्हीवर एकच सही. मग मी कोठीचं काम आनंदानं करीन.

आग्रही : आणि तिसरा रकाना माझा, सकाळी घरी काय खाल्लं. तो नसेल तर तुमच्या दुसऱ्या रकान्यातलं अपयश पोराच्याच नावावर पडेल.

शंकेखोर : तो रकाना कोण भरणार? पोर खोटं सांगेल. भाकरी खाल्ली म्हणेल, कारण शेजारचा ऐकतोय. आई खोटं सांगेल, कारण मास्तर विचारतोय. आणि मास्तरला, म्हणजे सरकारला, तिच्या चुलीपर्यंत जायचा अधिकार कुणी दिला?

आग्रही : वजनकाटा घेऊन मी रोज जाते.

शंकेखोर : तुम्हाला ती चहा करते. मला दारातूनच म्हणेल, काही कमी नाही गुरुजी, पोराला फक्त अभ्यास करायला सांगा.